मायाळूचा रस

एकतीस वर्षं मी उजेडाला दाराबाहेर उभं केलं.
शिवडीच्या इस्पितळात, जिन्याखालच्या खोलीत,
लाल दिव्यात लोकांच्या छात्या धुतल्या,
हायपोत बुडवल्या, चिमट्याला टांगल्या.
कोणी दार ढकललंच तर तोंडाला येईल ते बोललो.
आता निवृत्त झाल्यावर
त्याच उजेडाच्या हातापाया पडतोय, गच्चीत, टोपी घालून.

कृती सोपी आहे.
घोडपदेवच्या आमच्या इमारतीत, टाकीच्या पाइपावर
मायाळूचा वेल चढलाय, लावला कुणी ठाऊक नाही.
त्याची पिकून काळी पडलेली फळं, मूठभर.
खलबत्त्यात ठेचायची
(आल्याचा खलबत्ता, त्यावरून आमचं एक भांडण झालेलं आहे),
धोतराच्या तुकड्यातून गाळायची.
कागद जाड हवा. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू चालते.
ब्रशचे दोन हात, पलंगाखालच्या अंधारात सुकवून.
वर चित्र, त्यावर काच, चार चिमटे.

ऊन काही काढत नाही, हे आधी समजून घ्यावं.
ऊन खातं.
सावलीत जेवढं जांभळं वाचलं
त्या वाचलेल्याला चित्र म्हणायचं.

आधी शेवग्याची डहाळी केली, मग कात्री.
मग माळ्यावरच्या पाकिटातून निघाला कुंदाचा हात.
दोन हजार चार. रेशनच्या दुकानाची पायरी.
एक्स-रे मीच काढला होता. नियम : धातू काढून ठेवा.
पाटली निघेना. साबण लावला, खोबरेल लावलं.
ती म्हणाली, राहू दे, हाडाला काय कळतंय.
म्हणून मनगटाच्या चिरेशेजारी
एक पांढरं कडं आहे, हाडापेक्षा पांढरं.

कागदावर हाडांतून ऊन आत शिरलं,
मांस फिकट जांभळं राहिलं,
भोवती गडद.

पहिल्या हिवाळ्यात नऊ दिवस लागले.
मग दक्षिणेला टॉवर वर आला.
बाराव्या मजल्यापर्यंत ऊन दहाला पोचायचं,
विसावा पडला आणि बारा वाजले.
तोच हात, तोच रस, आता तेवीस दिवस.
खाली त्यांच्या फलकावर लिहिलंय,
भरपूर सूर्यप्रकाश.

तळमजल्यावरचा इबाद मला फळं तोडून देतो,
शाळेत मार खातो, बोटं जांभळी म्हणून.
अंकल, माझा पण हात करा.
म्हटलं, तुझा फोटो कुठाय? हात तरी मोडलायस का?
मग असाच ठेवतो, म्हणाला.
आणि ठेवला. वीस मिनिटं.
माशी बसली. नाक खाजलं असणार.
खालून त्याच्या आईने तीनदा हाक मारली.
हलला नाही.
उचलला तेव्हा कागदावर काही नव्हतं,
पाच बोटांचा घाम फक्त, तोही वाळत चाललेला.
त्याने वाकून नीट पाहिलं.
आलाय, म्हणाला,
आणि कागद शर्टाच्या आत सरकवून जिना उतरला,
ऊन लागू नये म्हणून.

याला हायपो नाही.
किती टिकेल, कुंदाने विचारलं.
बघितला नाहीस तर पुष्कळ, मी म्हटलं.
तिने तो लुगड्यांच्या घडीत ठेवला, डांबरगोळ्यांशेजारी.

काल रात्री तहानेने जाग आली तर स्वयंपाकघरात ती.
फ्रिज उघडा, त्या दिव्यात कागद धरलेला,
शेजारी आपला डावा हात.
पाटली गेल्या चैत्रात आपसूक निघाली,
भांडी घासताना, साबणाशिवाय. मोरीत सापडली.
मी काही बोललो नाही.
ती म्हणाली, इथे तरी घट्ट बसलीये.
आणि दार तसंच उघडं ठेवलं जरा वेळ,
कागद फिका पडतो हे माहीत असून,
विजेचं बिल येतं हेही.