तिसरं कुलूप

बुधवारी, न्सिमाची भांडी घासून झाली की
सालिमाच्या बाजारामागे, लिफाच्या दारात
आमची बँक भरते.
चिचेवात तिचं नावच आहे ओसरीवरची बँक.
चटई एक, पेटी एक, कुलपं तीन,
किल्ल्या तिघींच्या गळ्यात.
बायका एकोणीस.

शहरातल्या बँकेतही गेले होते मी एकदा.
पंखा छान होता.
साहेबाने विचारलं, तारण काय?
म्हटलं, कढई आहे,
बस थांब्यावर मंदासी तळते मी.
तो हसला नाही, ही त्याची भलाई.

मग योजनेची बाई आली जीपमधून.
आम्हाला महिला उद्योजक म्हणाली.
एनेलेसीने चितेंजेचं टोक तोंडात कोंबून हसू आवरलं.
अर्ज वाटले, तीन प्रतींत भरायचे,
झेरॉक्सचं दुकान दीड तासावर.
हिशेब मात्र शिकवला तिने, तो कामाला आला:
पीठ वेगळं, तेल वेगळं, घरचं मीठ वेगळं,
आणि पोरांनी उचललेली मंदासी
तीही खर्चात मांडायची.

वही लिफा लिहिते, पण वहीवर कुणाची भिस्त नाही.
एक वही शेळीने खाल्ली होती,
जून ते ऑगस्ट.
तेव्हापासून उठताना
सगळ्यांनी शिल्लक मोठ्याने म्हणायची, तीनदा,
आणि आठवडाभर डोक्यात वागवायची.
हापशावर, तळ्याकाठी उसिपा वाळत घालताना
कुणीही कुणालाही अडवून विचारावं: किती?
तीन लाख बारा हजार चारशे.
डोळ्यांनी अधू नाफिरी आजीसुद्धा
झोपेतून उठवली तरी सांगायची.

त्यातले ऐंशी हजार जिनेसीला मिळणार होते,
जुन्या शिलाई मशीनसाठी.
शाळा उघडायच्या आत गणवेश शिवायचे होते,
मापंसुद्धा घेऊन ठेवली होती तिने.

मंगळवारी रात्री
पेटी गेली.

सकाळी मक्याच्या शेतात सापडली, तोंड वासून.
शेजारी दोन कुलपं, करवतीने कापलेली.
तिसरं
अख्खं.
किल्लीने उघडलेलं, अलगद,
जसं मी उघडते.
किल्ली त्यातच.

माझा हात गळ्याकडे गेला.
दोरा होता.
घरी लामेक नव्हता, त्याची सायकल नव्हती.

दुपारी मी वेळेवर गेलेच नाही.
कढई घासत बसले, घासलेलीच परत.
ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा पोचले.
रिकाम्या पेटीभोवती सगळ्या बसल्या होत्या,
मयताला बसतात तशा.
वाटेत जुळवून आणलं होतं मी सगळं,
कढई देईन, शेगडी देईन,
जन्मभर दर बुधवारी काहीतरी देईन.
एनेलेसी म्हणाली, आधी शिल्लक म्हण.

म्हटली सगळ्यांनी.
तीन लाख बारा हजार चारशे.
तीनदा. नाफिरी आजीने चौथ्यांदाही.
चोरालाही इतकं नेमकं ठाऊक नसेल
त्याने काय नेलं ते.

जिनेसी माझ्याकडे बघत नव्हती.
अजूनही फारशी बघत नाही.
चार गणवेश तिने हातावर शिवले,
बाकीच्या पोरांची मापं
नुसतीच कागदावर राहिली.

लिफाने पुड्यातून दोन नवी कुलपं काढली.
मग तिसरं, माझं,
चितेंजेला पुसून
किल्लीसकट माझ्या मांडीवर टाकलं.
"हे शाबूत आहे," म्हणाली,
"नवं कशाला घ्यायचं उगीच?
दोरा तेवढा जाड घाल."

मी रडणार होते,
तेवढ्यात तिने वही उघडली.
"आणि तू उशिरा आलीस.
दंड पन्नास क्वाचा."

दिले.
एक, दोन, तीन कुलपं लागली.
चटई गुंडाळताना
सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं,

पन्नास.
पन्नास.
पन्नास.