चाचणीपूर्वी

रात्री पावणेदोनला, विक्रोळी लिंक रोडवर
कोअर काढला. दीडशे मिलिमीटर.
वरचा थर यंदाचा,
खालचा कधीचा कोण जाणे.
ड्रिलचं काळं पाणी गटाराकडे गेलं.

सकाळी दमयंती कोळंबकर
तो साच्यात बसवणार,
किती किलोन्यूटनला सुटतो ते लिहिणार,

तर हातातच सुटला,
भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा.
मधे डांबराचा हात फिरलेलाच नव्हता.
नुसती धूळ,
आणि धुळीत गमबुटाची अर्धी टाच.

कुणीतरी थांबलं होतं इथे.
झाडू मागितलाही असेल.
मागे डंपर हॉर्न देत असणार.

तक्त्यात टाचेला रकाना नाही.
तिने शून्य लिहिलं,
खोडलं,
लिहिलं: चाचणीपूर्वीच विलग.

दोन्ही चकत्या एकाच पिशवीत ठेवल्या.
वरून सुतळी,
दोन गाठी.