जेनी बसली ती जागा

पंचनाम्यावर तिसरी सही माझी आहे.
उकंडा रामटेके, कोतवाल, वय त्रेपन्न,
समक्ष.

समक्ष म्हणजे काय, ते सांगतो.

हरबाजी उमक जिनिंगच्या फाटकाशी पडला होता,
सरकीच्या ढिगाला टेकून, जणू बिडी ओढता ओढता
डोळा लागला असावा.
मी पहिला पोचलो. तोंडावर माश्या होत्या.
त्याचाच दुपट्टा उचलला, तोंड झाकलं,
मग वाटलं, पोलीस रागावतील,
म्हणून काढून होता तिथंच ठेवला.
घडी मात्र माझ्या हातची पडली.

दुपारी वर्ध्याहून गाडी आली.
जेनी उतरली. काळी, कान उभे,
तिचं पाणी वेगळं, भांडं वेगळं.
सारं गाव मागं, पोरं बाभळीवर.
हवालदार ढोकनं दुपट्टा तिच्या नाकाशी धरला
आणि जेनी सरळ माझ्याकडे आली.

चपलेला नाक लावलं.
एकदा. मग पुन्हा, जरा जास्त वेळ.
लोक हसले, "अबे, कोतवालाले ओळखते ते!"
ढोकनं साखळी ओढली.
हे पंचनाम्यात नाही.

मग ती निघाली. नाल्यातून,
तुरीच्या धुऱ्यानं, पाराला वळसा घालून,
मी थांबलो होतो तिथं थांबत,
मी लघवीला बसलो होतो तिथं घुटमळत,
वर पोडावर गेली
आणि लेतू टेकामच्या दाराशी बसली.
जीभ बाहेर. काम झाल्यासारखी.

ती वाट माझी होती, पहाटेची, उलटी.
रात्रभर मी लेतूच्या ओट्यावर होतो,
मोहाच्या दोन बाटल्या, भाजलेल्या शेंगा,
आणि लेतू समोर, हललासुद्धा नाही.
आमच्या जिल्ह्यात दारूबंदी.
माझ्या नोकरीला सात वर्षं बाकी.
लेतूनं माझ्याकडे पाहिलं.
मी जेनीकडे पाहिलं.

कोयता घरात सापडला. कोणाच्या घरात सापडत नाही?
पुडी, लाख, शिक्का, नागपूर.
त्याआधी नऊ दिवस ठाण्याच्या फ्रिजमध्ये
साहेबांच्या दह्याशेजारी,
आणि वीज अर्धा दिवस नसायचीच.
चौदा महिन्यांनी अहवाल आला:
रक्त आहे. माणसाचं की जनावराचं,
नमुना खराब झाल्यानं सांगता येत नाही.
लेतूच्या बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
"बोकडाचं हाये बाप्पा, जिवतीच्या दिवशीचं."
पण तिच्या बोलण्यावर लाखेचा शिक्का नव्हता.

कोर्टात वकील म्हणाला,
साहेब, कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही.
न्यायाधीश हसले, मग लेखनिकही हसला.
माझी घेता येत होती.
मला एवढंच विचारलं, "ही सही तुमची?"
"होय."
"खाली उतरा."

लेतू सुटला, एकवीस महिन्यांनी.
संशयाचा फायदा, असं कागदावर आहे.
तोवर त्याच्या बकऱ्या विकून झाल्या होत्या
आणि मोठ्या पोरीचं जमलेलं मोडलं होतं.
गावात पाव्हण्यांना अजून दाखवतात,
"हे पाहा, इथं बसली होती जेनी."
निकाल कोणी वाचला नाही.
बसलेली कुत्री सगळ्यांनी पाहिली.

जेनीचा मला राग येत नाही.
तिनं दोनदा विचारलं होतं.
याहून स्पष्ट तिनं कसं विचारायचं?

त्या चपला मी पुन्हा घातल्या नाहीत.
खताच्या पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगल्या आहेत.
बायको म्हणते, "फेका ना, काहून ठेवल्या?"
पोत्याला उंदरांनी भोक पाडलंय,
एक अंगठा बाहेर आलाय.

परवा लेतू आला होता, दाखल्यावर सही पाहिजे म्हणून.
उंबऱ्याबाहेर उभा राहिला.
मी सही केली. हात कापला, पण केली.
"बस ना," म्हटलं, "चहा ठेवतो."

तो बसला नाही.