फोटो फाटतो तेव्हा

सुतीवर रंग उठत नाही, म्हणाला तौफिक शिकलगार,
पॉलिस्टर आणा काकू, चमकेल.
पॉलिस्टरखाली घाम येतो रे, मी म्हटलं,
भिंतीला टांगायची असली तरी
वाकळ आहे ही.

मग सासऱ्यांचं धोतर, तुरटीत भिजवलेलं,
कागदाला चिकटवून प्रिंटरात घातलं.
दोनदा अडकलं.

फोटो सगळे फोनवर आलेले:
गुवाहाटीची मूस, आत लालभडक सोनं, दुसऱ्याचं.
कोईमतूरच्या गल्लीतलं अर्धं शटर.
धाकट्या दिराचा अंगठाच लेन्सवर,
मागं काहीतरी उजेड, बहुतेक दिवाळी.

यांचा एकच. त्यातही लांब, भट्टीशेजारी.
मोठा कर, म्हटलं.
तौफिकनं ओढला, आणखी ओढला,
तर चेहरा गेला आणि उरले चौकोन,
करडे, तांबूस, एक जवळजवळ निळा.
फाटला, काकू.

फाटला म्हटल्यावर जीव जरा खाली बसला.
फाटलेल्याचं काय करायचं, ते येतं मला.

गालाच्या रंगाचा दोरा विट्यात मिळाला नाही,
ब्लाऊजचा उरलेला घेतला.
कडेकडेनं धावदोरा घालत आत आले,
तीन सुया मोडल्या.
जवळून अजून कुणीच नव्हतं.

काल बाहेरच्या भिंतीला लावली.
मागं मागं सरले, यंत्रमागांच्या खडखडाटात,
रस्त्यापर्यंत.
तिथून हे दिसले.

हसतायत, की डोळ्यांत धूर गेलाय,
ते कळायला आणखी चार पावलं हवीत.
पण मागं गटार आहे.