शेवंड खोडून

फॉर्म किनाऱ्यासाठी छापलेला.
पहिल्या रकान्यात शेवंड, भाव किलोला,
मग बोटीचा क्रमांक, इंजिनाची अश्वशक्ती.
साळवणला समुद्र नाही
हे ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
मी शेवंड खोडून खेकडा लिहिला
आणि बोटीच्या जागी मारली आडवी रेघ.

शेवंता भोई कुंभीच्या पुलाशी बसलेली,
बावड्याकडं चाललेल्या गाड्यांना दिसेल अशी.
पुढ्यात लव्हाळ्यानं बांधलेल्या माळा,
एकेकीत बारा, नांग्या आवळलेल्या, तोंडाला फेस.
रोज किती किलो?
"किलो न्हाय ओ, माळ."
एका माळेचं वजन?
"ते खेकड्याला इचारा."

भाव?
"गटारीला दोनशे. दुसऱ्या दिवशी श्रावण,
मग तीसला घ्या न्हायतर ऱ्हाऊ द्या.
माणसं सोवळी हुत्यात, खेकडं न्हाईत."
मी सरासरी काढली. एकशे पंधरा.
या भावानं तिनं आजवर
एकही माळ विकली नव्हती.

काल रात्री तिचा सर्जेराव नऊ माळा घेऊन आला.
एक गेली दुकानात, बॅटरीच्या सेलापोटी.
एक पाय मोडलेल्या म्हादबाच्या घरी, रश्शाला,
तिथं पैसे घ्यायचे नसतात.
एक कंडक्टरला,
तो टोपली फुकट नेतो लक्ष्मीपुरीपर्यंत.
"आनि ज्यांच्या पोटाशी पिल्लं, त्या सोडल्या."
किती?
"सोडल्याल्या कोन मोजतंय?"
तिनं एक उताणी करून दाखवली,
पोटाचं झाकण नखानं उचललं,
आत ज्वारीएवढी, हलणारी, दाटीवाटीनं.
ही चुकून आलेली. उठली, पुलाखाली गेली,
हात धुवावेत तसं तिला पाण्यात सोडून आली.

पाण्यात परत गेलेल्यांना रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
पुढं साहेब म्हणाले, समासातलं पोर्टलवर चढत नाही.
आणि जिल्ह्याचा आकडा आला,
सगळ्या नद्या मिळून, लाखात, दशांशासह.
मी तो दोनदा वाचला.
त्यात म्हादबाचा पाय नव्हता.

पण ते नंतर. त्या दिवशी निघताना तिनंच विचारलं,
"तुमच्या ह्या कागदाचा भाव काय?"
एका फॉर्मचे पंचेचाळीस, मी म्हटलं.
ती खळखळून हसली.
"मग तुमीबी श्रावणातच घावलाय की, बाई."

मी एक माळ घेतली. तिनं साठ सांगितले,
मी साठ दिले, आणि कुठंच नोंदवले नाहीत.
रंकाळा स्टँडवर उतरले तेव्हा
माळेत अकराच होते.
बारावा एसटीत, कुठंतरी सीटखाली,
आणि गाडीची पाटी बदलून झालेली:
गगनबावडा, साळवणमार्गे.