हौशी

खाडीच्या कडेला, बर्फाच्या कारखान्याला लागून
आमचं टायपिंग सेंटर.
लोकांना वाटतं, परवाने इथून निघतात.
इथून फक्त अर्ज निघतात,
उजवीकडून डावीकडे,
आणि एखादा नुक्ता चुकला की परत येतात.

उम्म अल कुवैनला आले तेव्हा
मासा मला ताटातला तेवढा माहीत.
आता सराईतासारखी विचारते :
जाळं, गळ की तारेचे गरगूर?
लांबी किती? होडीची, माशाची नव्हे.
आणि मालक स्वतः होडीत असणार ना?

हे शेवटचं महत्त्वाचं.
होडीत मालक नसला तर मासेमारी नाही, गुन्हा.
म्हणून खलफान बिन उबैद, वय अठ्ठ्याहत्तर,
पहाटे साडेतीनला होडीत जाऊन बसत.
बसत म्हणजे निजत, गरगुरांच्या ढिगाला टेकून,
प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवल्यासारखे,
गस्तीची बोट आली की उघडून दाखवायला.

बाकीचा समुद्र लतीफ सारंग बघायचा.
गाव बाणकोट. इथे चौतीस वर्षं.
व्हिसावर हुद्दा : खलाशी.

यंदा नूतनीकरणाला म्हाताऱ्याचा अंगठा उमटेना.
काच पुसली, अंगठा पुसला,
चहातला लिंबू चोळला.
यंत्र म्हणे, पुन्हा.
दोरानं रेषा केव्हाच ओढून नेलेल्या.
"समुद्राकडे आहेत," खलफान हसले,
"त्याच्याकडून नक्कल मागवा."
लतीफनं सहज आपला अंगठा काचेवर ठेवून पाहिला.
यंत्र म्हणे, पुन्हा.

मागे रांगेत एक पोरगा, मुठीवर ससाणा.
शिकारीला कुठल्याशा परमुलखात निघालेला,
पक्ष्याचे कागद करायला आला होता.
पासपोर्टवर फोटो नाही,
पायातल्या कडीचा नंबर.
डोळ्यांवर कातडी टोपी. काय चाललंय, पत्ता नाही.
"ह्याचा बरा हाय," लतीफ कुजबुजला,
"कफील मुठीवर मिरवतो."

पुढच्या महिन्यात होडी विकली गेली.
खलफानांच्या मुलांना बँकेतला गारवा मानवलेला.
लतीफच्या हाती तीस दिवस,
मग विमान.

शनिवारी तो एकटाच आला, इस्त्रीच्या सदऱ्यात.
किनाऱ्यावरून गळ टाकायचा परवाना हवा होता.
एक काठी. एक गळ. विकायचं नाही.
अर्जात रकाना :
व्यावसायिक की हौशी?
व्यावसायिकाला आधी नागरिक असावं लागतं.
माझी बोटं तिथेच अडली.
"लिव ताय," तो म्हणाला, "हौशी लिव.
चौतीस वरसांत हौस तेवढी कंदी केली नाय."

खाली अनुभवाचा रकाना होता, ऐच्छिक.
मी चौतीस लिहिलं. घेतलं नाही.
यादीतून निवडा, असं आलं.
सगळ्यात वर होतं : नवशिका.
मी तो रकाना रिकामा सोडला.

दोन दिवसांनी घरी जाताना दिसला,
दगडी बांधावर, पाय पाण्याकडे सोडून.
मांडीवर शाळकरी पोराची फूटपट्टी.
लागला एक. शेरी असावा, चंदेरी.
पट्टीवर आडवा धरला.
दोन बोटं कमी भरला.
बघायला कुणी नव्हतं, मी होते
आणि मी लांब होते.

त्यानं मासा हळूच पाण्यात सोडला
आणि ओला हात सदऱ्याला पुसून
खिसा चाचपला,
कागद भिजला नाही ना.