नऊ प्रश्न, लेंगरे

एका फॉर्मचे साठ रुपये.
वय अकरा ते पंधरा. प्रश्न नऊ. उत्तर हो किंवा नाही.
हेच नऊ प्रश्न म्हणे चाळीसेक देशांत विचारलेत.
लेंगऱ्यात मी विचारतोय,
वैजयंता बागलांच्या ओट्यावर.
समोर तेजल, नववी ब,
फोन मांडीवर पालथा,
खरकटं झाकावं तसा.

प्रश्न चौथा. छापलंय तसं वाचतो:
"अप्रिय भावनांपासून पलायन करण्यासाठी
आपण समाजमाध्यमांचा वारंवार वापर केला आहे का?"
"पलायन म्हंजी?"
पळून जाणं.
"हितंच बसून?"
ती हसते. मी 'हो'वर खूण करतो,
खोडतो,
परत करतो.

प्रश्न सहावा. फोनवर किती वेळ घालवला
याबद्दल घरच्यांशी खोटं बोललात?
तेजल आईकडे बघते.
आई शेंगा फोडता फोडता सांगते, "न्हाई लिवा."
आणि मग थांबत नाही.

थोरला कोळिकोडला, गलाईच्या दुकानात.
सोनं गाळतो. दिवसभर हात तेजाबाजवळ.
फोन उचलत नाही,
गिऱ्हाईक असतं, मालक असतो, कधी नुसताच कंटाळा.
पण रात्री एकला स्टेटस टाकतो:
चहाचा पेला,
पेल्याच्या कडेला त्याची बोटं.
ती फोटो ताणते,
पेला बाजूला सरकतो, बोटं मोठी होतात,
पिवळेपणा कुठवर चढलाय ते बघते.
नखापर्यंत होता दिवाळीत.
आता पेराच्या वर.

तीनला पुन्हा उठते.
लास्ट सीन दोन दहा.
"म्हंजी झोपलं न्हाई लेकरू."
मी विचारत नाही, तुम्ही कधी झोपता.

"आवो, तुमच्या कागदात हाय का ह्ये?
त्याच्या नावाखाली ऑनलाइन आलं
की मला भूक लागती."

नाही.
वयही बसत नाही.
तरी समासात लिहून घेतलं, बारीक.
समास यंत्रात कुणी भरत नाही.

पुढे कुठेतरी आलेख निघेल.
प्रत्येक देशाचा एक ठिपका,
आपला कुणाच्या वर, कुणाच्या खाली.
त्या ठिपक्यात लेंगरं असेल
आणि कोळिकोडही असेल,
मधे शून्य अंतर.
हे तिला सांगावंसं वाटलं.
तोवर ती शेंगांचं सूप घेऊन आत गेली होती,
आणि तेजलनं फोन सुलटा केला होता.

फाट्यावर आलो.
ऑफिसला मेसेज टाकला, अकरा फॉर्म झाले,
मागच्या आठवड्याचेही अजून यायचेत.
दोन निळ्या टिका.
टायपिंग…
मग काही नाही.
मग पुन्हा टायपिंग…

विट्याची गाडी कधी येऊन थांबली कळलं नाही.
कंडक्टर दारातून वाकून म्हणाला,
"येताय, का ऱ्हाताय?"